नाकातलं पाणी आणि बाजारातला मासा



होळी झाली की आपल्याकडं दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. तलावाचं पाणी उतरायला लागतं, म्हणून मासेमारीला जोर येतो. आणि अर्ध्या दिवसाची शाळा सुरू झाली की पोट्टी दुपारभर त्याच पाण्यात पडून राहतात. यंदा यात तिसऱ्या गोष्टीची भर पडली आहे. मोबाईलवर 'मेंदू खाणारा किडा' फिरतोय.

मागच्या आठवड्यात बाजारात आपल्या एका मावशीच्या टोपलीपुढं गिऱ्हाईक थांबलं. चांगला दीड किलोचा रोहू हातात घेतला, कल्ला उचलून पाहिला, लालभडक होता. भाव ठरला. आणि मग विचारलं, "हा कोणत्या तलावातला? यात तो मेंदूचा किडा तर नाही ना?" मावशीला काय बोलावं कळलं नाही. तिनं काही सांगायच्या आत रोहू परत टोपलीत गेला. त्या दिवशी तिच्याकडं अशी तीन गिऱ्हाईकं आली, असं ती म्हणाली.

हा विषय संघाच्या बैठकीत निघाला तेव्हा एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, याच्यावर आपण काही लिहूच नका, उगाच धंदा बसेल. कोणी म्हणालं, तलावात दोन पोती ब्लिचिंग पावडर टाका म्हणजे किडा मरेल. एक जुने काका बिडी विझवत म्हणाले, "चाळीस वर्षं पाण्यात आहो, मले कुठं काय झालं?" तिघांचंही ऐकून घेतलं आणि ठरवलं की जे खरं आहे ते सगळं लिहायचं. लपवलं तर अफवा वाढते, आणि घाबरवलं तर लोक मासा सोडतात पण लेकरांना पाण्यात उड्या मारू देतात. म्हणजे दोन्हीकडून नुकसान आपलंच.

तर आधी हा किडा म्हणजे काय ते पाहू. खरं तर हा किडा नाहीच. हा अमिबा आहे, एकाच पेशीचा जीव, डोळ्यांना न दिसणारा. त्याचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. ऑस्ट्रेलियातल्या फाउलर नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या सोबत्यानं 1965 साली या आजाराची पहिली माहिती छापली, म्हणून त्याचं नाव जोडलं गेलं. आपल्या देशात याची पहिली नोंद 1971 सालची आहे. म्हणजे मोबाईलवर सांगतात तसा हा काल-परवा कुठून आलेला नाही. गोड्या पाण्यात, गाळात, ओल्या मातीत तो जगभर राहतो आणि तिथले जिवाणू खाऊन पोट भरतो. माणसाच्या मेंदूची त्याला काही ओढ नसते. थंडीत तो कवच करून गाळात गप पडतो. पाणी तापलं की कवचातून बाहेर येऊन वाढायला लागतो. त्याला गरम पाणी मानवतं, 46 अंशांपर्यंतच्या उष्णतेतही तो तग धरून वाढतो. खाऱ्या पाण्यात मात्र तो जगत नाही, त्यामुळं समुद्रावरच्या कोळी भावांना याची चिंता नाही. चिंता आहे ती तलाव, डोह, विहीर, कालवा अशा गोड्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा जीव माणसाच्या अंगात शिरतो तो एकाच वाटेनं, नाकातून. पाणी जोरात नाकात वर चढलं, उडी मारताना, बुडी घेताना, एकमेकांच्या तोंडावर पाणी मारताना, की त्या पाण्याबरोबर तो नाकाच्या छतापर्यंत जातो. तिथं वासाची नस असते. आपल्याला वास कळतो तो त्या नसेच्या बारीक धाग्यांमुळं, आणि ते धागे एका चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत गेलेले असतात. अमिबा तीच वाट धरतो. लहान लेकरांत ही चाळणी जास्त पोकळ असते, शिवाय उड्याही तीच मारतात, म्हणून या आजाराचे रोगी बहुतेक करून पोरंच असतात.

पाणी पिऊन हा आजार होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पाण्यात नुसतं कमरेएवढं उभं राहून होत नाही. आणि मासा खाऊन तर नाहीच नाही. हे आम्ही पुन्हा खाली सांगणार आहोत, कारण मावशीच्या टोपलीचा हिशोब बाकी आहे.

पण एकदा झाला तर तो किती वाईट आहे, हेही लपवत नाही. पाणी नाकात गेल्यापासून 1 ते 12 दिवसांत लक्षणं दिसतात, बहुतेकदा पाचेक दिवसांत. सुरुवात ताप, कपाळाकडचं जबर डोकं दुखणं, मळमळ आणि उलट्या यांनी होते. मग मान आखडते, उजेड सहन होत नाही, माणूस बरळायला लागतो, झटके येतात. त्यानंतर फार वेळ मिळत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून पाचेक दिवसांत बहुतेक रोगी दगावतात. अमेरिकेत याची नीट मोजदाद ठेवतात. तिथं 1962 ते 2023 या काळात 164 रोगी नोंदले गेले आणि त्यातले 4 वाचले. त्याच आकड्याची दुसरी बाजूही बघा. एवढा मोठा देश, लाखो लोक दर उन्हाळ्यात तळ्यात पोहतात आणि साठ वर्षांत 164. म्हणजे वर्षाला दोन-तीन. आपल्या काकांची चाळीस वर्षं त्यामुळंच सुखरूप गेली. काका खोटं बोलत नाहीत. पण ज्या घरात ही पाळी येते, त्या घराला बाकीचे लाखो सुखरूप राहिले याचा काय उपयोग?

हे सगळं आता अचानक का गाजतंय, तर केरळमुळं. तिथं 2016 मध्ये पहिला रोगी सापडला होता, नंतर अधूनमधून एखादा. मे ते जुलै 2024 मध्ये मात्र लागोपाठ तीन लेकरं गेली. एकीनं नदीत अंघोळ केली होती, एक शाळेच्या सहलीत पोहण्याच्या हौदात उतरली होती, एक मुलगा गावच्या तळ्यात पोहला होता. तिथल्या सरकारनं मग याच्यासाठी वेगळी नियमावली काढली आणि मेंदूज्वराच्या रोग्यांत अमिबाचीही तपासणी करायला सांगितलं. तपासायला लागल्यावर रोगी जास्त सापडायला लागले. 2024 मध्ये 36 रोगी आणि 9 मृत्यू. 2025 मध्ये सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच 69 रोगी आणि 19 मृत्यू, पुढं आकडा आणखी वाढला.

हे आकडे वाचून लोक हादरतात. आम्हाला मात्र त्यात दुसरं काही दिसलं. जगभर शंभरातले 97 मरतात, आणि केरळात 69 पैकी 50 जगले. याचं एक कारण असं की तिथं सगळे रोगी नेग्लेरियाचे नव्हते. अकँथअमिबा नावाचा दुसरा एक अमिबा आहे, तो सावकाश काम करतो, जखमेतून किंवा श्वासातूनही शिरतो, आणि आधीच अशक्त असलेल्या माणसाला गाठतो. पण दुसरं कारण आपल्या कामाचं आहे: तिथं लवकर ओळखलं जातंय.

आणि ओळखलं कसं, याची एक गोष्ट सांगतो. कोझिकोड जिल्ह्यातला 14 वर्षांचा मुलगा. बाप दूधधंदा करणारा, गाईगुरांचा माणूस, आपल्यासारखाच. मुलगा गावच्या तळ्यात पोहून आला. पाच दिवसांनी डोकं दुखायला लागलं, झटके यायला लागले. बापानं त्याच्या थोडे दिवस आधी सोशल मीडियावर निपाह विषाणूबद्दल वाचत असताना या अमिबाबद्दलही वाचलं होतं. झटके येताच त्यानं मुलाला उचललं आणि दवाखाना गाठला. तिथं जमलं नाही तर दुसरा. शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. आणि तिथं डॉक्टरनं विचारायच्या आधी त्यानं सांगितलं, "साहेब, पाच दिवसांपूर्वी हा तळ्यात पोहला आहे."

हे एक वाक्य. त्यावरून डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून अमिबासाठी तपासलं, आणि तो सापडला. औषधं लगेच सुरू झाली. त्यातलं मिल्टेफोसिन नावाचं एक औषध मुळात काळ्या आजारावर, म्हणजे काला-आजारावर वापरतात. ते आपल्या देशात सहज मिळत नाही, केरळ सरकारनं नंतर ते जर्मनीहून मागवलं. मुलगा सुमारे तीन आठवडे दवाखान्यात होता, नंतर महिनाभर घरी औषधं चालली. जुलै 2024 मध्ये तो बरा झाला. या आजारातून वाचलेले जगभरात बोटांवर मोजण्याएवढे, त्यात हा एक. डॉक्टरांचं कसब आहेच. पण त्या बापानं वाचलेली एक पोस्ट आणि सांगितलेलं एक वाक्य नसतं, तर त्यांनी तपासणी कशाची करायची हे ठरवण्यातच वेळ गेला असता.

आम्ही हा लेख लिहितो आहोत तो त्या एका वाक्यासाठी.

कारण आपल्याकडं ते वाक्य कोणी बोलत नाही. आपल्यातल्याच एका घरातली गोष्ट आहे, नाव-गाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी, मे महिना. बारा वर्षांचं पोरगं, तापानं फणफणलं. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस चोळला. दुसऱ्या दिवशी गावातल्या आरएमपीकडं नेलं, सलाईन लागलं, इंजेक्शन झालं, ताप जरा उतरला, परत चढला. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि मान वाकेना. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, उतारा झाला. चौथ्या दिवशी झटके आले तेव्हा जीप केली. मोठ्या दवाखान्यात पोचलं तेव्हा बेशुद्ध होतं. दोन दिवसांनी गेलं. कागदावर मेंदूज्वर लिहिलं. तो हाच अमिबा होता असं आम्ही अजिबात म्हणत नाही, मेंदूज्वराला दहा कारणं असतात, डासही असतात, जिवाणूही असतात. पण आज मागं वळून पाहिलं तर एक गोष्ट टोचते. ते पोरगं आठ दिवस रोज डोहात पोहत होतं आणि ते ना आम्ही कोणाला सांगितलं, ना आम्हाला कोणी विचारलं.

म्हणून सांगतो. मान आखडणं, ताप आणि उलट्यांबरोबर न थांबणारी डोकेदुखी, बरळणं, झटके, यातलं काही दिसलं तर ते ऊन लागणं समजून घरी थांबू नका. मेंदूचा मलेरिया असो, मेंदूज्वर असो की हा अमिबा, तिन्हीत तास मोजावे लागतात. आरएमपी भाऊ आपल्या गावाचे आहेत, रात्री-बेरात्री तेच येतात, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण अशा वेळी त्यांनीही सलाईन लावून ठेवू नये, पुढं पाठवावं. 108 ला फोन करा. आदिलाबादचं रिम्स जवळ आहे. पैनगंगेच्या काठची आपली बरीच घरं सवयीनं यवतमाळला किंवा नागपूरला जातात, तेही चालेल, पण नागपूर म्हणजे 200 किलोमीटर आणि हैदराबाद 300. आधी जवळचा मोठा दवाखाना, मग तिथले डॉक्टर सांगतील तसं पुढं.

आणि मणक्यातलं पाणी काढायचं म्हटलं की आपले लोक घाबरतात. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो" हे आम्ही प्रत्येक गावात ऐकलंय. तसं होत नाही. ती नेहमीची तपासणी आहे. नेग्लेरिया मेंदूत असेल तर त्याच ताज्या पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली हलताना दिसू शकतो. वरवर पाहिलं तर हा आजार जिवाणूंच्या मेंदूज्वरासारखाच दिसतो, त्यामुळं डॉक्टरची फसगत होणं सोपं आहे. सही करायला दोन तास लावू नका. आणि सही करताना ते वाक्य बोला: अमुक दिवसांपूर्वी, अमुक तलावात, नाकात पाणी गेलं होतं.

आता आपल्या पाण्याबद्दल. आपला जिल्हा उन्हाळ्यात 44-45 अंशांवर जातो. सातनाला, मत्तडीवागू यांसारख्या मोठ्या प्रकल्पांत मधलं पाणी खोल असतं, खाली थंड राहतं. पण काठावरचं गुडघाभर पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं. गावचे चेरुवू आणि कुंटे तर एप्रिलमध्ये निम्मे होतात. पैनगंगेची धार तुटून डोह उरतात. पाणी कमी, ऊन जास्त, गाळ वर आलेला. या जिवाला हवं तसं घर.

आणि नेमकं याच वेळी आपण पाण्यात काय करतो? ओढजाळं घेऊन छातीएवढ्या पाण्यात गाळ ढवळत चालतो. जाळं बुडालेल्या बाभळीच्या खोडात अडकलं की एकजण बुडी मारून सोडवतो. बायका आणि लेकरं आटत्या डबक्यात गाळ घुसळून हातानं मरळ, डोकऱ्या पकडतात, तोंड पाण्याला टेकलेलं असतं. आणि पोट्टी बांधावरून उड्या मारतात, त्यातही पाय खाली करून मारलेली उडी नाकात सगळ्यात जास्त पाणी घालते. कुंटाला, पोच्चेरा धबधब्यांखालचे डोह वेगळे नाहीत. तिथं तर उडी मारून बुडण्याचीच भीती मोठी. खरं सांगायचं तर आपल्या धंद्यातलं मरण आजही बुडूनच येतं, अमिबानं नाही. लाइफ जॅकेट घरी खुंटीला टांगून तराफ्यावर जाणाऱ्यानं अमिबाची चिंता करावी, हे जरा उलटंच झालं.

म्हणजे पाण्यात जाणं सोडायचं का? सोडून खायचं काय? आम्ही असला सल्ला देणार नाही. नाक वाचवायचं, एवढंच.

आपले आजोबा नदीत डुबकी घेताना दोन बोटांनी नाक दाबायचे, आठवतं? आपण त्यांना हसायचो. तीच पद्धत. उन्हाळ्यात दुपारच्या वेळी उथळ, गढूळ, साचलेल्या पाण्यात लेकरांना उड्या मारू देऊ नका. पोहायचंच तर सकाळी, खोल आणि वाहत्या बाजूला, मोठं माणूस सोबत असताना, डोकं वर ठेवून. बुडी मारून जाळं सोडवणाऱ्यानं नाकाला क्लिप लावावी, पोहणारे वापरतात ती; खेळाच्या दुकानात मिळते, महाग नाही. गाळ ढवळायचं काम असेल तर तोंड पाण्यापासून वर. कानात-नाकात पाणी गेलं म्हणून लगेच जीव घाबरा करू नका, पण तारीख ध्यानात ठेवा, पुढचे बारा दिवस.

गेल्या हिवाळ्यात आपल्या भागातून अय्यप्पाची माळ घालून बरेच स्वामी शबरीमलैला गेले. तेव्हा, नोव्हेंबर 2025 मध्ये, कर्नाटकच्या आरोग्य खात्यानं यात्रेकरूंना हेच सांगितलं होतं: स्नान करताना नाकात पाणी जाऊ देऊ नका, क्लिप लावा नाहीतर नाक घट्ट धरा, आणि नंतर ताप-डोकेदुखी-मान आखडणं असं काही झालं तर ताबडतोब दवाखाना. पंपा नदीत स्नान करू नका असं कोणी म्हटलं नाही. श्रद्धा आपल्या जागी, नाक आपल्या जागी.

ब्लिचिंग पावडरचं काय, तर ज्या भावानं ती सूचना मांडली त्याच्यावर आमचा राग नाही, पण हे करू नका. बीज सोडायच्या आधी तळ्यातले नको ते मासे मारायला हीच पावडर वापरतात, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे भरल्या तलावात टाकली तर अमिबाच्या आधी आपले रोहू-कटला पोट वर करून तरंगतील. सरकारकडून आलेलं बोटुकलीचं बीज, वर्षभराची राखण, सगळं एका रात्रीत जाईल. आणि एवढ्या मोठ्या तलावाच्या गाळातला अमिबा त्यानं संपणारही नाही. शिवाय त्याच तलावावर गुरं पाणी पितात.

क्लोरीनची खरी जागा घरात आहे. विहीर आणि टाकी. केरळात 2025 मध्ये काही रोगी असे निघाले की ज्यांनी तळं पाहिलंही नव्हतं, संशय घरच्या विहिरीच्या पाण्यावर गेला. तिथं मग ऑगस्टच्या अखेरीस राज्यभर विहिरी क्लोरीननं शुद्ध करायची मोहीमच घेतली. ऑस्ट्रेलियात ज्या भागात हा आजार पहिल्यांदा कळला, तिथं पाणी शेकडो किलोमीटर उघड्यावरच्या लोखंडी नळांतून यायचं, उन्हानं तापायचं, आणि तेच लेकरांच्या अंघोळीला जायचं. आपल्या छतावरची काळी टाकी आठवा. मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर चहा करता येईल असं पाणी येतं. ती टाकी वर्षातून दोनदा तरी घासून, गाळ काढून धुवा. सार्वजनिक विहिरीत आणि टाकीत क्लोरीन पडतं की नाही, हे पंचायतीला विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

सर्दी झाली म्हणून नाकात पाणी ओढून साफ करणारे, जलनेती करणारे काहीजण आपल्यात आहेत. त्यांनी पाणी खळखळून उकळून, निववून मगच वापरावं. नळाचं थेट नको. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात अशी नेती करणारे दोघं दगावले, दोघांनी साधं नळाचं पाणी वापरलं होतं. पाकिस्तानात कराचीतही न पोहलेले रोगी सापडत आले आहेत. तिथं नमाजाआधी नाकात पाणी घेतात, आणि नळाला पुरेसं क्लोरीन नसतं.

आता मावशीची टोपली. अमिबा पोटातून मेंदूत जात नाही. मासा धुताना, खवले काढताना, चिरताना नाकात पाणी ओढलं जात नाही. आणि कढईत जे उकळतं त्यात कोणताही अमिबा जगत नाही. सातनाल्याचा रोहू असो, डोहातली मरळ असो, शिजवून खा, लेकरांना काटे काढून द्या. कोणी मेसेज पाठवला की 'तलावातला मासा खाऊ नका', तर त्याला हा लेख पाठवा, भांडू नका. मावशीला आम्ही तीन वाक्यं पाठ करून दिली होती. तिनं ती वापरली नाहीत. परवा कोणी विचारलं तेव्हा म्हणाली, "बापू, तो नाकातून जातो, तोंडातून नाही. तू काय नाकानं खाणार आहे?" गिऱ्हाईक हसलं आणि दोन किलो घेऊन गेलं. आमच्या तीन वाक्यांपेक्षा हे बरं.

नाकाच्या क्लिपांचं असं ठरलं आहे की बुडी मारणाऱ्या सभासदांसाठी संघानं पहिल्या खेपेला काही आणायच्या. एकानं तोवर घरची कपडे वाळत घालायची चिमटी लावून बघितली, नाक लाल झालं, बुडी काही लागली नाही. जुने काका अजून हसतात, पण नातवाची क्लिप त्यांनीच आधी सांगून ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी आपल्या गावच्या संचालकाकडं नाव द्यावं, आणि घरात बारा-चौदा वर्षांचं पोरगं असेल तर त्याचंही द्यावं.